रान सर्वांचे, नफा गिरणीचा

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंड वस्तीचे एक लहानसे गाव आहे. २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण जातीने तेथे गेले आणि बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले. एका पुस्तकासाठी सत्तेने एवढी पायपीट का करावी, असा प्रश्न शहरी वाचकास पडेल. त्याचे उत्तर असे की, त्या पुस्तकाने एका फार जुन्या वादाचा निकाल लावला होता. जे सर्वांचे आहे त्यातून नफा कोणी काढावा आणि त्याची राखण कोणी करावी, हा तो वाद. आज तोच वाद एका सर्वस्वी निराळ्या क्षेत्रात, संगणकाच्या क्षेत्रात, जगभर पेटला आहे. तेथे जंगल नाही आणि बांबूही नाही. परंतु गिरणी आहे, कच्चा माल आहे, आणि राखण करणाऱ्याच्या हातावर तुरी देण्याची रीतही तीच आहे. म्हणून त्या वादाकडे गडचिरोलीच्या डोळ्यांनी पाहणे उपयोगाचे ठरेल.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांना जुन्या मध्यप्रांताच्या काळापासून निस्ताराचे हक्क होते. घरापुरते लाकूड, कुडापुरता बांबू, गुरांपुरती चराई हे सारे गाव आपल्या रानातून घेई आणि रान टिकेल एवढ्याच बेताने घेई. पुढे वनखाते आले. १९२७ च्या वन कायद्याने वनस्पतिशास्त्रात गवत असलेल्या बांबूला ‘झाड’ ठरविले. परिणाम असा झाला की, आपल्याच रानातील चार बांबू विकावयास काढणारा गोंड गुन्हेगार ठरला, टोपल्या-सुपे विणणारा बुरुड सरकारी आगाराच्या दारात ताटकळला; आणि १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्यास मात्र तोच बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने आणि सवलतीच्या दराने मिळत राहिला. हा काही एकट्या चंद्रपूरचा प्रकार नव्हे. शेजारच्या कर्नाटकात दांडेलीच्या कागद गिरणीस १९५८ साली बांबू देण्यात आला तो टनाला दीड रुपया या दराने. बाजारात बुरुडाला त्याच बांबूसाठी याच्या कैक पट दाम मोजावे लागत होते.

कर्नाटकातील हा बांबू का नाहीसा होत चालला, याचा अभ्यास माधव गाडगीळ यांनी १९७५ नंतर केला. त्यात त्यांच्या हाती लागलेली एक गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. बांबूच्या बेटाभोवती काट्याकुट्यांचे जे जाळे असते ते गिरणीच्या वतीने साफ केले जात असे. त्यामुळे वाढ चांगली होते, असा शास्त्रोक्त समज होता. गावकरी सांगत होते की, ते काटे काढू नका; तेच कोवळ्या कोंबांचे कुंपण आहे. काटे गेले, गुरांनी कोंब खाल्ले, आणि बेटेच्या बेटे बसली. ज्यांना रान राखावयाचे होते त्यांना ते कसे राखावे हे ठाऊक होते. पण विचारणार कोण? गिरणीचा संबंध मालाशी होता, बेटाशी नव्हता. एक रान संपले की दुसरे होते.

मेंढ्याने नव्वदीच्या दशकात आपल्या हद्दीतील गिरणीची तोड अडविली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्रात बहुतेकांच्या कानांवरून गेली आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालविले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त लावून घेतली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातले. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतुकीचा परवाना देण्याचे वनखाते नाकारीतच होते. ते नाकारणे २०११ च्या त्या दिवशी संपले. आज जिल्ह्यातील हजारांहून अधिक गावांपाशी असे हक्क आहेत. मेंढ्याने रानाला कुलूप लावले नाही, आणि ‘या आणि न्या’ असेही म्हटले नाही, हे येथे नीट ध्यानात घ्यावयास हवे. बांबू विकला जातो, व्यापारीही येतात. पण किती तोडावयाचे, कसे तोडावयाचे आणि आलेल्या पैशातून रानासाठी किती ठेवावयाचे हे ग्रामसभा ठरविते. सामुदायिक मालकी म्हणजे मालक नसणे नव्हे. सामुदायिक मालकी म्हणजे नियम करणारा समुदाय असणे.

आता संगणकाकडे वळू. संगणक ज्या लिखित आज्ञांवर चालतो ते सॉफ्टवेअर बहुतेक कंपन्या कुलूपबंद विकतात. आत काय लिहिले आहे ते घेणाऱ्याने पाहावयाचे नाही, दुरुस्त करावयाचे नाही, शेजाऱ्याला द्यावयाचे नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी या रीतीविरुद्ध ग्नू नावाची चळवळ पुकारली. सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे स्रोत, सर्वांना खुला असावा. कोणीही तो वाचावा, सुधारावा, वाटावा, हे तिचे सूत्र. १९९१ मध्ये फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि हजारो हातांनी तो वाढविला. आज जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. धानोऱ्याच्या बाजारात विकला जाणारा स्वस्तातला अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर उभा आहे. बँकांचे व्यवहार, रेल्वेची तिकिटे, सरकारी दाखले ज्या यंत्रणांतून फिरतात त्यांच्या पायात कोठे ना कोठे हे मुक्त सॉफ्टवेअर असतेच. माणसांनी परस्परांसाठी, मोबदल्याच्या अपेक्षेवाचून उभे केलेले एवढे मोठे सामुदायिक धन इतिहासात दुसरे दाखविता येणे कठीण आहे. नफ्याच्या लोभावाचून माणूस काही निर्माण करीत नाही, असे सांगणाऱ्या अर्थपंडितांना हे एक जितेजागते उत्तर आहे.

पण या रानातही गिरण्या शिरल्या. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये केलेला हिशेब असा: सर्वत्र वापरात असलेले मुक्त सॉफ्टवेअर एकदा नव्याने लिहून काढावयाचे तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील, परंतु ते उपलब्धच नसते आणि वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपापले लिहावे लागले असते, तर खर्च सुमारे ८.८ लाख कोटी डॉलर झाला असता. या दोन आकड्यांमधील दरी हाच तो नफा. आणि या मूल्याचा ९६ टक्के भाग निर्माण करणारे किती? लिहिणाऱ्यांपैकी अवघे ५ टक्के. दीड रुपये टनाचा बांबू निदान दीड रुपयाला तरी होता!

या मूठभर राखणदारांची स्थिती काय आहे, हे जगाला दोनदा ढळढळीतपणे दिसले. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखणारे ओपन-एसएसएल नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. एप्रिल २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ हा भयंकर दोष आढळला. दोन वर्षे तो तेथे होता आणि कोणाच्या लक्षात आला नव्हता. मग लोकांनी चौकशी केली. जगातील बड्या बड्या कंपन्यांचे व्यवहार ज्या कुलुपावर विसंबले होते त्या कुलुपाची देखभाल पूर्ण वेळ करणारा एकच माणूस होता, आणि त्या प्रकल्पास वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर होत्या. घबराट उडाल्यावर गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन आदींनी वर्षाला प्रत्येकी एक लाख डॉलर, तेही तीन वर्षे, देण्याचे जाहीर केले. आग लागल्यावर विहिरीचे स्मरण झाले, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा प्रसंग मार्च २०२४ मधला. ‘एक्सझेड’ हे माहितीचे आकारमान लहान करणारे साधेसुधे सॉफ्टवेअर फिनलंडमधील एक गृहस्थ वर्षानुवर्षे एकट्याने सांभाळीत होते. सुधारणा लवकर कराव्यात म्हणून लोकांनी त्यांच्यामागे तगादा लावला. आपली प्रकृती ठीक नाही, आणि हे बिनपगारी, हौसेचे काम आहे, याची आठवण त्यांनी २०२२ मध्ये लोकांना करून दिली होती. अशा वेळी मदतीला आलेल्या एका बनावट नावाच्या इसमाने दोन वर्षे विश्वास संपादन करून त्यात चोरदरवाजा बसविला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला काही क्रिया अर्ध्या सेकंदाने उशिरा होताना जाणवल्या, त्याने त्याचा माग काढला, म्हणून जग वाचले. रानाची राखण एका थकलेल्या माणसावर टाकून सारे गाव निजले तर चोर शिरणारच. तो शिरला यात नवल नाही. गाव निजले होते, हा खरा अपराध आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि त्यांना उत्तर देणे अवश्य आहे. पहिला असा की, बांबू तोडला की संपतो. सॉफ्टवेअर कितीही जणांनी वापरले तरी झिजत नाही. मग कंपन्यांनी वापरले म्हणून कोणाचे काय गेले? वरकरणी हा मुद्दा बिनतोड वाटतो. सॉफ्टवेअर झिजत नाही हे खरे. परंतु ते राखणारा झिजतो. वापरणारे दुप्पट झाले की तक्रारी दुप्पट होतात, नवी यंत्रे आली की जुना मजकूर जुळवून घ्यावा लागतो, रोज नवे दोष बुजवावे लागतात. ही सारी मेहनत माणसाच्या आयुष्यातील तासांमधून येते आणि हे तास बांबूइतकेच मोजके असतात. ज्या वस्तूची प्रत फुकट निघते त्या वस्तूमागील श्रमही फुकट असतात, हा समज भांडवलदाराच्या सोयीचा आहे. घरातील स्त्रीच्या कामाला मोल नाही असे मानणारा समाज याच समजावर पोसला गेला आहे.

दुसरा आक्षेप असा की, कंपन्या काहीच देत नाहीत हे असत्य आहे. हा आक्षेप अंशतः मान्य करावयास हवा. लिनक्सच्या गाभ्यावर आज काम करणारे बहुसंख्य लोक कंपन्यांचे पगारी नोकर आहेत आणि त्यांचे काम सर्वांना खुले होते. पण कंपन्या देतात ते कोठे? ज्या भागावर त्यांचा स्वतःचा धंदा प्रत्यक्ष चालतो तेथे. गिरणीसुद्धा जंगलात रस्ते बांधीतच असे. ते आपल्या ट्रकांसाठी असत. ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, जे आडबाजूला आहे, पण ज्याच्यावाचून सारे कोसळेल, ते ओपन-एसएसएल किंवा एक्सझेड कोणाच्याच ताळेबंदात येत नाही. शिवाय पगार देणारी कंपनी उद्या तो थांबवू शकते. मालकाच्या मर्जीवर चालणारी राखण ही समुदायाची राखण नव्हे.

स्टॉलमन यांना हा धोका दिसला नव्हता असे नाही. १९८९ मध्ये त्यांनी जो परवाना तयार केला त्याचे तत्त्व ‘कॉपीलेफ्ट’ या नावाने ओळखले जाते. मुक्त सॉफ्टवेअर घ्या, बदला, हवे तर विका. पण दुसऱ्याला द्याल तेव्हा आपल्या बदलांसह खुलेच द्या, अशी त्यात अट आहे. हा त्या रानाचा निस्तारपत्रकच म्हणावा. मायक्रोसॉफ्टचे त्या वेळचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली ती याच अटीमुळे. परंतु भांडवलाने पळवाट शोधली. सॉफ्टवेअर दुसऱ्याला द्यावयाचेच नाही. ते आपल्या सर्व्हरवर चालवावयाचे आणि ग्राहकाकडून वापराचे भाडे घ्यावयाचे. यालाच ‘क्लाउड’ म्हणतात. बांबू रानाबाहेर नेण्यास परवाना लागतो म्हणून गिरणीच रानात आणून बसवावी, तसा हा प्रकार. २००७ मध्ये ‘एजीपीएल’ या नव्या परवान्याने ही वाट अडविली, तेव्हा कंपन्यांनी बिनअटीचे परवाने असलेल्या सॉफ्टवेअरची कास अधिकच घट्ट धरली.

काही मधल्या कंपन्यांनी याला दुसरेच उत्तर दिले. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये आपले परवाने आखडले. बड्या क्लाउड कंपन्या आमच्या कष्टांवर नफा कमावतात, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार खोटी नव्हती; पण त्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या शेकडो माणसांनीही आपले काम घातले होते. रान सर्वांचे म्हणून लोकांनी रोपे लावली, आणि ती वाढल्यावर पाटलाने कुंपण घातले. याचा परिणामही बोलका आहे. लोकांनी जुन्या खुल्या मजकुरावरून ओपनटोफू, वाल्की असे नवे प्रकल्प उभे केले. इलॅस्टिकला २०२४ मध्ये आणि रेडिसला २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय पुन्हा खुला करावा लागला. मोठ्या भांडवलाच्या लुटीला लहान भांडवलाचे कुलूप हा उपाय होऊ शकत नाही. गिरणीऐवजी वनखाते, एवढाच त्यात फरक.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची गिरणी आली आहे. मुक्त सॉफ्टवेअरचा सार्वजनिक मजकूर शिकवून तयार केलेले ‘कोपायलट’ हे साधन २०२१ मध्ये पुढे आले. मूळ लेखकांची नावे आणि परवान्यांच्या अटी गाळल्या गेल्या, असा दावा नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात दाखल झाला. न्यायालये काय म्हणावयाचे ते म्हणोत. पूर्वी गिरणीला बांबू हवा होता. आता बांबू कसा वाढवावा ही गावाची विद्याच ती वाहून नेऊ पाहते, हे उघड आहे.

मग करावे काय? कंपन्यांनी औदार्य दाखवावे, असे एक उत्तर सुचविले जाते. झेरोदा या भारतीय कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. हे स्वागतार्हच आहे आणि इतरांना लाज वाटावी असे आहे. परंतु दान आणि देणे यांत फरक आहे. दान देणाऱ्याच्या इच्छेवर असते. देणे घेणाऱ्याचा हक्क असतो. महाराष्ट्राला हा फरक कोणी शिकवावयास नको. दुष्काळातून उभी राहिलेली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने पक्की झाली, तेव्हा तिचा खर्च शहरातील पगारदार आणि व्यावसायिक यांच्यावरील १९७५ च्या व्यवसाय करातून आणि तेवढ्याच रकमेच्या सरकारी वाट्यातून भागविला गेला. मुंबईच्या कचेरीतील पगारातून गडचिरोलीच्या मजुराच्या कामाची हमी उभी राहिली. कोणी कोणावर उपकार केले नव्हते.

त्याच धर्तीवर पाऊल टाकता येईल. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये शासकीय कारभारात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्याचा भर वापरावर आहे, राखणीच्या खर्चाचा प्रश्न त्याने सुटलेला नाही. सरकारही फुकट वापरणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले, तर कंपन्यांना बोल लावण्याचा त्याला अधिकार राहत नाही. म्हणून सार्वजनिक पैशाने लिहून घेतलेले प्रत्येक सॉफ्टवेअर कॉपीलेफ्ट परवान्याखाली जनतेचे व्हावे. मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेल्या प्रत्येक सरकारी कंत्राटाच्या रकमेचा एक लहान पण ठरलेला हिस्सा राखणनिधीत जावा, आणि मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांवर त्यासाठी उपकर बसावा. जर्मनीने २०२२ पासून सार्वजनिक पैशातून असा निधी चालविला आहे. ही स्वप्नातील गोष्ट नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे, या निधीची सूत्रे सचिवालयाकडे किंवा कंपन्यांच्या संघाकडे न जाता, राखणारे आणि वापरणारे यांच्या सभेकडे असावीत. गडचिरोलीच्या अनुभवाचे सार तेवढेच आहे.

या प्रश्नाशी आदिवासी जिल्ह्याचा संबंध काय, असे अजूनही कोणास वाटत असेल तर त्याने गोंडी भाषेचा विचार करावा. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख लोकांची ती भाषा आठव्या परिशिष्टात नाही. तिच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे संगणकावर ती लिहिता येण्याची तांत्रिक वाट मोकळी झाली. पुढचे काम, म्हणजे कळफलक, शब्दकोश, शाळेची साधने, कोण करणार? गोंडी मुलाच्या खिशात नफा नाही, म्हणून बाजार त्याच्याकडे फिरकणार नाही. ते काम सामुदायिक सॉफ्टवेअरच करू शकते, आणि गोंडवाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन त्या कामाला लावणे हा राखणनिधीचा पहिला खर्च ठरावा. सामुदायिक रान ओसाड पडले तर कंपन्या आपापल्या खासगी बागा लावून घेतील. उघड्यावर येईल तो ज्याच्यापाशी बाग नाही तो.

‘सर्वांसाठी खुले’ या शब्दांचा अर्थ ‘बलवंतासाठी फुकट’ असा लावण्याची मुभा भांडवलाने आजवर परस्पर घेतली आहे. मेंढ्याच्या गावकऱ्यांनी ती मुभा नाकारली, तेव्हा त्यांच्यापाशी ना पैसा होता ना पदवी. सभा होती, अभ्यास होता आणि एकमत होते. जगभरच्या संगणक कामगारांपाशी विद्या आहे, परवाने आहेत, आणि त्यांच्यावाचून एक दिवसही न चालणारे भांडवल समोर आहे. उणीव आहे ती ग्रामसभेची. ती भरविल्यावाचून हे रान राहणार नाही, आणि ती भरली तर कोणतीही गिरणी तिच्या परवान्यावाचून एक कांडेही नेऊ शकणार नाही.